बॉयलरचा इशारा

मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका, मी आता वाजत नाही. माझी मोटर जळली आहे, पंखा वाकला आहे आणि माझ्या तोंडात सध्या एका चिमणीने संसार थाटला आहे. एके काळी अख्खी वस्ती माझ्या आवाजावर उठायची आणि जेवायची, हे आता सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. मी भोंगा आहे. कापड गिरणीच्या छपरावर माझे आयुष्य गेले. त्या छपरावरून मी जे पाहिले आणि ऐकले, त्याचा धक्का अजून माझ्या लोखंडातून गेलेला नाही.

माझा जन्म फाउंड्रीत झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, थंड झाल्यावर घासले, आत पंखा बसवला आणि मला दोरखंडांनी गिरणीवर चढवले. माझी करामत साधी आहे. मोटर फिरली की पंखा हवा ओढतो आणि भोकाभोकांतून बाहेर फेकतो. ओरडते ती हवा, नाव होते माझे. माझ्या तोंडावर एक झडप होती. ती उघडी ठेवली की लांब सूर निघायचा, उघडझाप केली की तुटक आवाज. एक लांब सूर म्हणजे पाळी सुरू, दोन म्हणजे जेवणाची सुट्टी. आणि तीन तुटक आवाज, जरा थांबून पुन्हा तीन, म्हणजे बॉयलर.

गिरणीच्या भिंतीला खेटून कामगारांची बैठी घरे होती. बॉयलर फुटायच्या बेतात आला तर काय करायचे, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. कुलूप लावायचे नाही, सामान घ्यायचे नाही. हाताला लागेल ते मूल उचलायचे, आपले असो की शेजाऱ्याचे, आणि वस्तीमागच्या दगडाच्या खाणीत उतरायचे. दरवर्षी याची तालीम व्हायची. पण तालमीला मला वाजवत नसत, पत्र्याचा डबा बडवत. माझे तीन आवाज फक्त खऱ्यासाठी राखून ठेवलेले होते.

एकदा कामगारांची सभा भरली होती, तेव्हा गिरणीचा मॅनेजर धापा टाकत छपरावर आला. "बॉयलरचा इशारा दे, म्हणजे सगळे पांगतील," तो मला सांभाळणाऱ्या मिस्त्रीला म्हणाला. मिस्त्री म्हणाला, "साहेब, तो खोटा वाजवला तर खरा कुणाला ऐकवू?" मॅनेजर तणतणत खाली गेला. पुढे काही वर्षांनी बॉयलर खरोखर फुटला. तीन घरे भुईसपाट झाली, पण आत एकही माणूस नव्हता. त्या दिवशी बायकांनी मला हळदीच्या बोटांनी नव्हे, तर चांगले साबणाच्या पाण्याने आंघोळ घालून गौरवले. मी आठवडाभर चकाकत होतो.

मग त्या मिस्त्रीचा मुलगा मिस्त्री झाला. हा बापासारखाच उंच आणि पुटपुट्या. मला तो भसाड्या म्हणायचा. "काय रे भसाड्या, घसा बरा आहे का?" असे म्हणत रोज माझ्या बेअरिंगला ग्रीस लावायचा. त्याची लेक समोरच्या पावाच्या भट्टीत काउंटरवर होती. जावई परगावी कामाला. लेक आणि तिची रांगणारी मुलगी, एवढाच मिस्त्रीचा जीव की प्राण. छपरावरून त्याला भट्टीचे दारही दिसायचे आणि स्वतःच्या घराचे कौलही. दुपारी तो माझ्या सावलीत बसून डबा खायचा आणि दोन्हीकडे बघून घ्यायचा.

मित्रांनो, सगळे असेच चालले असते तर माझी गोष्ट इथेच संपली असती.

राजधानीत थोरले साहेब सत्तेवर होते. त्यांची मुदत ठरलेली होती, आणि ती संपत आली तसे नदीपलीकडचे लोक अचानक आपले शत्रू आहेत, असे ते रेडिओवर सांगू लागले. आमच्या वस्तीतल्या निम्म्या सुना नदीपलीकडून आलेल्या! त्या बिचाऱ्या भांडी घासता घासता ऐकायच्या, की आपले माहेर आपल्यावर चाल करून येणार आहे.

मग एक अधिकारी छपरावर आला. नाकावर जाड चष्मा, गळ्यात दुर्बीण. वस्तीने त्याचे नाव चष्मेवाला ठेवले. त्याने मला लाल रंग फासला आणि माझी झडप तारेने उघडी बांधून टाकली. "हे काय लटांबर? मला फक्त लांब सूर हवा," तो म्हणाला. आता मी गिरणीचा राहिलो नव्हतो. मी हवाई हल्ल्याचा भोंगा झालो होतो. खरे सांगतो, मला बढती मिळाल्यासारखे वाटले. आपण देश वाचवणार, या कल्पनेने माझी छाती फुगली.

पहिल्यांदा मी वाजलो तेव्हा वस्तीची दातखीळ बसली. माणसे एकमेकांना तुडवत गिरणीच्या तळघराकडे पळाली. एक म्हातारा जिन्यावरून पडला तो परत उठला नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो आणि ओरडता ओरडता वर बघत होतो. आभाळात एक घार होती. तीही माझ्या आवाजाने दचकून पळाली. विमान नव्हते. दुसऱ्या खेपेलाही नव्हते, तिसऱ्या खेपेलाही नव्हते.

एका दुपारी लेक बापाचा डबा घेऊन वर आली.

"बाबा, एक गोष्ट ध्यानात आली का तुमच्या? हा वाजतो तेव्हा भट्टीतलं पीठ संपलेलं असतं."

"काहीतरीच काय बोलतेस."

"रांग रस्त्यापर्यंत जाते, लोक काउंटरवर हात आपटायला लागतात, की हा ओरडतो. सगळे तळघरात. बाहेर येतात तेव्हा पाव विचारायचं भानच नसतं कुणाला. वर आम्हाला सांगितलंय, पीठ पलीकडच्यांनी अडवलं म्हणायचं."

"अडवलं नाही का?"

"पिठाच्या गाड्या फौजेच्या गोदामाकडे वळतात, बाबा. रोज बघते मी."

मिस्त्रीने डब्याचे झाकण लावले. पण दुसऱ्या दिवशी चष्मेवाला दुर्बीण लावून उभा राहिला, तेव्हा आम्ही दोघांनी नीट पाहिले. नदी त्याच्या पाठीमागे होती. दुर्बीण भट्टीच्या रांगेवर रोखलेली होती. जरा वेळाने त्याने दुर्बीण खाली केली आणि मिस्त्रीला म्हणाला, "वाजव."

मी वाजलो. मोटर फिरली की मला गप्प बसता येत नाही, हे माझे दुर्दैव.

त्यानंतर राजधानीतून एक पाहुणा आला. जिना चढून त्याला असा दम लागला होता, की तो माझ्यावरच टेकून उभा राहिला. मिस्त्री माझ्या मागे बसून नटबोल्ट आवळत होता. कामगार म्हणजे भिंतच, असे समजून ते दोघे बोलू लागले.

"पलीकडून काही हालचाल?" पाहुण्याने विचारले.

"नाही साहेब. गप्प आहेत," चष्मेवाला म्हणाला.

"गप्प राहून कसं भागेल? डिवचा की त्यांना. तोफा पाठवतो मी. नदीकाठी नका लावू, इथं गिरणीच्या आवारात लावा, घरांना लागून."

"इथं? पण ते उलटून मारा करतील तेव्हा..."

"तेव्हा काहीतरी दाखवायला नको का आपल्याकडे? रिकाम्या वाळूवर गोळा पडला तर कुणाचं रक्त उसळतंय?"

"आणि पिठाचं काय साहेब? लोक फार चिडलेत."

"पीठ कुठून आणू मी? सगळं तिकडं तोफांपायी गेलं. थोरल्या साहेबांची मुदत संपत आलीय. रिकाम्या पोटी माणूस कुणाला मत देईल ते सांगायला ज्योतिषी नको. पण घराला आग लागलेली असताना कुणी घराचा कारभारी बदलत नाही."

"आणि आग लागलीच नाही तर?"

पाहुण्याने त्याच्याकडे असे पाहिले, जसे वर्गातल्या ढ मुलाकडे पाहतात.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या क्षणी मला कापरे भरले. कुंपणच शेत खाते, असे मी ऐकले होते. इथे कुंपण शेत पेटवून वर शेजाऱ्याच्या नावाने बोंब मारणार होते, आणि बोंब मारायला मी! माझ्या मागे मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. पाहुणा म्हणाला, "काय पडलं?" मिस्त्री म्हणाला, "काही नाही साहेब, हात घसरला."

तुम्ही म्हणाल, त्याने तेव्हाच जाऊन गावाला का नाही सांगितले? मिस्त्री भित्रा नव्हता, पण लेकीचा बाप होता. रेडिओविरुद्ध ब्र काढणाऱ्या दोन विणकरांना गाडीत घालून नेलेले त्याने वरूनच पाहिले होते.

तोफा आल्या. गिरणीच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या राहिल्या आणि नदीपलीकडे गोळे फेकू लागल्या. घरांच्या काचा फुटल्या, तान्ही मुले दचकून रडू लागली. पलीकडच्यांना मी साधू म्हणत नाही. पुढे आमच्या वस्तीवर जे कोसळले ते त्यांनीच टाकले. पण आधी ते बराच काळ गप्प होते, एवढे मला सांगितलेच पाहिजे. इकडे माझे लांब सूर चालूच होते, आणि माझी पत पार धुळीला मिळाली होती. मी ओरडलो तरी बायका कपडे वाळत घालत राहायच्या. पोरे माझी नक्कल करायची. "लांडगा आला रे आला," असे म्हणून एक आजोबा कूस बदलायचे. ज्या वस्तीने मला आंघोळ घातली होती, तीच मला हसत होती. आणि तिचे काही चुकत नव्हते.

मग तो दिवस उजाडला. सकाळीच चष्मेवाला वर आला आणि छपरावरच्या फोनवर बोलू लागला.

"हो साहेब, तोफा हलवा नाहीतर दुपारी मारा करू, असा निरोप आहे त्यांचा. वस्ती रिकामी करा असंही म्हणालेत. नाही साहेब, वस्तीत कुणालाच कळवलेलं नाही. भाषण रेकॉर्ड झालं? उत्तम."

वाऱ्याने खाली ताडपत्रीचे एक टोक उडाले. मिस्त्रीने वाकून पाहिले आणि तो तसाच वाकलेला राहिला. ताडपत्रीखाली तोफा नव्हत्या. लोखंडी पाइप होते.

"साहेब, तोफा कुठं गेल्या?"

"तुला काय करायचंय?"

"ते रंगखात्यातले जुने पाइप आहेत. निळा रंग मीच दिलाय त्यांना."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे बघ, आज दुपारी भोंगा बंद. काहीही झालं तरी. नादुरुस्त आहे असं समज."

"पण साहेब, आज तर खरोखरच..."

"म्हणूनच," चष्मेवाला म्हणाला.

एवढा एकच शब्द. इतके दिवस आभाळ रिकामे असताना मला ओरडायला लावले, आणि आज आभाळातून मरण येणार तर माझे तोंड बंद! तोफा हलवल्या होत्या, म्हणजे तोफा जपायच्या होत्या. माणसे मात्र जागच्या जागी हवी होती, दुपारी, जेवणाच्या वेळी, घरात. त्यांना मेलेली माणसे हवी होती. आमची.

चष्मेवाला गाडीत बसून निघून गेला. छपरावर राहिला एक मध्यमवयीन पहारेकरी. त्याची दाढ सुजली होती, गालाला फडके बांधलेले होते आणि मांडीवर बंदूक होती.

मिस्त्री उठला आणि त्याने सरळ बटण दाबले. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच हा लांब सूर खरा होता, म्हणून जीव तोडून ओरडलो. खाली काय झाले सांगू? काहीही झाले नाही. चादर वाळत घालणाऱ्या एका बाईने मला मूठ दाखवली. भट्टीसमोरची रांग जागची हलली नाही. लेकीने मान वर करून पाहिले आणि ती पुन्हा पाव मोजू लागली. खोटे बोलून बोलून माझे खरेही मेले होते. इतका ओशाळलो मी त्या दिवशी, की वीज गेली असती तर बरे झाले असते.

"बंद कर बाबा," पहारेकरी बंदूक सावरत म्हणाला. "हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवायचा नाही असा हुकूम आहे. आणि बघितलंस ना? कुणी ढुंकूनही बघितलं नाही. उगाच माझ्या पोटावर पाय कशाला देतोस?"

मिस्त्रीने बटण बंद केले आणि तो मटकन खाली बसला. त्याची नजर घराच्या कौलावर होती. तिथे शेजारच्या मावशीजवळ नात झोपलेली होती. मग त्याने माझ्याकडे पाहिले, माझ्या तोंडाकडे, झडपेला बांधलेल्या तारेकडे. खिशातून पक्कड काढून त्याने तार तोडली.

"आता काय करतोस?"

"हवाई हल्ल्याचा नाही वाजवत. हा बॉयलरचा आहे."

"बॉयलरला काय झालंय?"

"फुटायला आलाय. सकाळी साहेब फोनवर सांगत होते, तू ऐकलंस की."

पहारेकऱ्याने सुजलेला गाल दाबून धरला.  "बॉयलरबद्दल मला काही हुकूम नाही," तो म्हणाला, "आणि दाढ इतकी ठणकतेय, की मला काही ऐकूच येत नाही." आणि तो पाठ फिरवून बसला.

झडप गंजली होती. मिस्त्रीने तेल ओतले, पकडीने ठोकले, शिव्या दिल्या. "भसाड्या, आज नको रे अडू," तो म्हणाला. कर्रकन झडप हलली. मोटर फिरली.

तीन तुटक आवाज. थांबून पुन्हा तीन.

त्या बाईच्या हातातली ओली चादर चिखलात पडली. भट्टीसमोरची रांग एका क्षणात फुटली. दारे उघडली ती उघडीच राहिली. लांडगेवाले आजोबा अनवाणी निघाले. कोणी ओरडत नव्हते, कोणी विचारत नव्हते. पिठाने माखलेले भट्टीवाले, लंगडा धोबी, हाताला लागेल त्या मुलाला घेऊन सगळे खाणीकडे वळले. हा आवाज कधी खोटा वाजला नव्हता.

लेक काउंटरवरून उडी मारून बाहेर आली आणि घराच्या दिशेने धावली. मिस्त्रीचा हात झडपेवर होता, डोळे तिच्यावर. घर भिंतीला लागून, मारा तिथेच होणार. वाटेत एक परके पोर रडत उभे होते. ती थबकली. एकदा घराकडे पाहिले. मग तिने ते पोर उचलले, पाठ फिरवली आणि खाणीकडे पळत सुटली. आपले मूल कोणीतरी उचलले असणार, एवढ्या भरवशावर. मिस्त्रीच्या तोंडून असा आवाज निघाला, जो माझ्या कुठल्याच भोकातून कधी निघाला नसेल. तरी झडपेवरचा हात त्याने थांबवला नाही. शेवटचा माणूस खाणीत उतरेपर्यंत मी वाजत राहिलो. मग पहारेकऱ्याने मिस्त्रीला बखोटीला धरून ओढत नेले.

पहिला गोळा निळ्या पाइपांवर पडला. पुढचे मला आठवत नाही. मी छपरासकट खाली आलो.

खाणीत काय झाले ते मला लेकीने नंतर सांगितले. मावशी तिची मुलगी छातीशी धरून आधीच येऊन बसली होती. परक्या पोराची आई रडत आली आणि दोघींनी मुले बदलून घेतली. वर धूर होता. पहारेकऱ्याच्या खिशात छोटा रेडिओ होता, तो त्याने लावला. थोरल्या साहेबांचे भाषण चालू होते. गळा दाटून आला होता त्यांचा. गिरणीच्या वस्तीत दुपारी जेवायला बसलेले आपले शेकडो बांधव, माता आणि चिमुकली मुले शत्रूने ठार केली, त्यांच्या रक्ताच्या थेंबाथेंबाचा सूड घेतला जाईल, असे ते सांगत होते. ते बांधव खाणीत दगडांवर बसून ऐकत होते. 

शेवटी आजोबा म्हणाले, "आपण मेलो म्हणे."

"केव्हा?" मावशीने विचारले. आणि मग ती हुंदके देऊन रडू लागली.

दुसऱ्या दिवशी मढी दाखवायला वार्ताहरांची बस आणली होती. तिच्यासमोर अख्खी वस्ती धुळीच्या कपड्यांनी जाऊन उभी राहिली. "आम्हीच ते मेलेले," लेक पुढे होऊन म्हणाली. ते फोटो दूरवर गेले, नदीपलीकडेही गेले. थोरले साहेब लगेच पायउतार झाले, असे काही मी सांगणार नाही, खोटे वाजायचे मी सोडले आहे. पण त्यांना हवा होता तो भडका उडाला नाही आणि मुदत संपायची ती संपलीच. मिस्त्रीला मात्र त्याच संध्याकाळी गाडीतून नेले. भोंगा कोणाच्या हुकमाने वाजवला, असे विचारल्यावर तो म्हणाला, "बापाच्या." त्यानंतर तो परत आलेला नाही. कुठे आहे, हे कोणी सांगत नाही. नवे साहेबही सांगत नाहीत.

मी आता लेकीच्या नव्या घराच्या अंगणात असतो. ती दर रविवारी माझ्या झडपेला तेल देते. मोटर चालत नाही, पंखा फिरत नाही, तरी देते. बाबा आले की पहिल्यांदा झडप बघतील, म्हणते.

मित्रांनो, माझ्यासारख्या लोखंडाला रंग दिला नाहीत तरी चालेल. पण जो आवाज तुम्हाला धोक्याची वर्दी देतो, त्याचा शब्द जपा. आणि कोणी शेजाऱ्याच्या नावाने फारच ओरडू लागले, तर एकदा वर आभाळाकडे बघा आणि एकदा पिठाची गाडी कुठे वळते तेही बघा.

काल मिस्त्रीची नात माझ्याजवळ खेळत होती. आता ती चांगली बोलते. तिने माझ्या तोंडात तोंड घालून तीन तुटक आवाज काढले, थांबून पुन्हा तीन काढणार होती. चिमणी भुर्रकन उडाली. घरातून लेक हातातले काम टाकून धावत बाहेर आली, पाय अनवाणी, हाताला पीठ. शेजारची मावशीही दाराबाहेर येऊन उभी होती, कडेवर कोणाचे तरी मूल.

लेकीने मुलीला जवळ घेतले, धाप ओसरू दिली आणि म्हणाली, "बाळा, तो आवाज खोटा नाही काढायचा. खेळायचं असेल तर डबा देते."

आणि तिने घरातून पत्र्याचा डबा आणून दिला.